अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष: सर्टिफिकेटं गोळा करण्याआधी हाताला काय शिकवायचं?

कुंडईकर (धागा सुरू करणारे)

गोव्यातले यंदाचे अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपत आले. फर्मागुढी, वेर्णा, फातोर्डा, शिरोडा, आसगाव, जिथे ज्याला जागा मिळाली तिथे मुलं आता रुजू होतील. ओळखीच्या घरांतून सध्या एकच प्रश्न येतोय: "काका, आत्तापासून कुठले कोर्स करून ठेवू?" आईवडिलांचा प्रश्न त्याच्याही पुढचा असतो, प्लेसमेंटचा. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो, मग तुम्ही खोडून काढा. पहिल्या वर्षी सर्टिफिकेटांच्या मागे धावू नये. त्याऐवजी एक वस्तू घ्या, ती पूर्ण चालती करा, ती कशी चालती झाली ते लिहून ठेवा, आणि ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाला दाखवा. मग दुसरी वस्तू घ्या. वर्षभर एवढं जमलं तरी तो मुलगा किंवा ती मुलगी बरीच पुढे गेली असं मी समजेन.

मी कारखान्यात मेंटेनन्स बघतो. सुट्टीत इंटर्न येतात. गणितात हुशार असतात, पंपाचं हेड (पाणी किती उंच चढेल ते) काढून दाखवतात. पण शाफ्टचा व्यास मोजायला व्हर्निअर (बारीक माप घ्यायची जबड्यांची पट्टी) हातात दिला की अडखळतात. आधी जबडे मिटवून शून्याला शून्य जुळतंय का ते बघायचं, हे पुस्तकात 'झिरो एरर' म्हणून पाठ केलेलं असतं, पण हाताला ती सवय लागलेली नसते. ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे इतकं बारीक मोजणारा व्हर्निअर तिरका धरला तर ते ०.०२ काय कामाचे? हे मुलांचं अपयश म्हणून सांगत नाही. त्यांना कुणी पुरेसा वेळ हाताळूच दिलं नाही, एवढंच.

म्हणून पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपला 'हजेरीपुरता विषय' समजू नका. फिटिंग शॉपचंच बघा. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये धरून कानसीने सपाट आणि काटकोनात आणायची, एवढं साधं काम. पण कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना नाही. मागे घासत आणली तर दात बोथट होतात. सुरुवातीला बहुतेकांचा जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, मधे फुगीर आणि कडांना उतरता होतो, कारण हात झुलतो. मग गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरायचा. जिथून उजेड दिसतो तिथे खोलगट, जिथे गुण्या टेकतो तिथे उंचवटा, आणि घासायचं ते उंचवट्यावर. जॉब करायचा, तपासायचा, चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि तेवढीच दुरुस्त करायची, ही पद्धत पुढे कुठल्याही शाखेत जन्मभर लागते. ती शिकायला फिटिंग शॉपइतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

आणि एक वही. कॉलेजचं जर्नल वेगळं, ते सबमिशनसाठी असतं आणि सीनियरचं बघून उतरवलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणतो ती स्वतःची कच्ची वही: तारीख, काय केलं, काय मोजलं, काय जमलं नाही, का जमलं नसावं. पेनाने लिहा, खाडाखोड तशीच राहू द्या.

पेडण्याची आई

दादा, धागा अगदी वेळेवर काढलात. माझ्या मुलीला कॉम्प्युटरला प्रवेश मिळालाय. चौथीपर्यंत गावातली सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, जसं आपल्याकडे बहुतेकांचं असतं. लिहिते व्यवस्थित. पण चार लोकांसमोर इंग्रजीत बोलायचं म्हटलं की गप्प. घरात मराठी, वाड्यावर कोकणी. आता प्रेझेंटेशन, व्हायवा (तोंडी परीक्षा), ग्रुप डिस्कशन हे सगळं ऐकून ती आत्ताच धास्तावली आहे. म्हापशाला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? आणि दुसरं, कॉम्प्युटरवाल्यांना ती कानस-करवत खरंच लागते का?

आल्तीणवाली बाई

मी बरीच वर्षं इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं, म्हणून बोलण्याच्या प्रश्नावर थोडं सांगते.

ताई, क्लास लावायचा तर लावा, पण त्याने व्हायवाची भीती जाईलच असं नाही. मुलं व्हायवात अडतात त्याचं कारण बहुतेक वेळा इंग्रजी नसतं. ती गोष्ट मनात स्पष्ट झालेली नसते, मग शब्द सापडत नाहीत आणि दोष भाषेवर जातो. मुलीला सांगा, रोज प्रॅक्टिकल झालं की संध्याकाळी तुम्हालाच ते समजावून सांगायचं. मराठीत सांगू दे, कोकणीत सांगू दे. तुम्ही इंजिनिअर नाही हेच इथे कामाचं आहे, कारण तुम्ही "म्हणजे काय गं?" असं विचाराल आणि तिला थांबून विचार करावा लागेल. तुम्हाला पटेल असं सांगता आलं की मग तेच तिने कागदावर एक आकृती काढून इंग्रजीत दोन मिनिटं बोलावं, फोनवर रेकॉर्ड करावं आणि स्वतः ऐकावं. आकृती समोर असली की बोलणाऱ्याचे डोळे आणि हात गुंततात, जीभ सैल होते. वर्गात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता ड्रॉइंग. कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणं) आलं तेव्हा हाताने काढायची गरज संपली असं सगळीकडे बोललं गेलं. टी-स्क्वेअर घेऊन सुबक शीट काढण्याची गरज कमी झाली हे खरं. पण हाताने झटपट स्केच काढण्याची गरज वाढली आहे, कारण मीटिंगमध्ये, साइटवर, मशीनपाशी उभं राहून समोरच्याला समजवायचं असतं. कुठलीही घरातली वस्तू घ्या, नळाची तोटी, कुकरचं झाकण, आणि तिची तीन दृश्यं फ्रीहॅण्ड काढा. ही दृश्यं कागदावर कुठे मांडायची याची आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते, अमेरिकेत थर्ड अँगल. टायटल ब्लॉकमध्ये छाटलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं, त्यावरून ओळखायचं. परदेशी कंपनीचं ड्रॉइंग आलं आणि ते चिन्ह न बघता काम सुरू केलं तर डावीकडचं भोक उजवीकडे जातं आणि अख्खा माल भंगारात. भारतीय मानक ब्युरोचं ड्रॉइंगसाठी 'एसपी ४६' म्हणून पुस्तक आहे, ते जरूर चाळा.

पर्वरीवासी

कुंडईकर, तुमचा मुद्दा मेकॅनिकलला चपखल बसतो, पण कॉम्प्युटरच्या मुलांना तो जसाच्या तसा लावू नका. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलाखती घेतो. सर्टिफिकेट बिनकामाचं असं सरसकट म्हणता येत नाही. शेकडो अर्ज आले की पहिली चाळण कुणीतरी कागद बघूनच लावतं. तिथे काहीच नसलं तर पोर आमच्यापर्यंत पोचतच नाही.

पेडण्याच्या ताईंसाठी: तिला कानस लागणार नाही, पण कॉम्प्युटरचंही एक वर्कशॉप असतं. लिनक्सच्या टर्मिनलवर (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) वावरणं, फाइल कुठे आहे ते शोधता येणं, गिट (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरता येणं. गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी लिहिलं आणि आज सगळी दुनिया त्यावर चालते. कॉलेजात मात्र पोरं अजून 'फायनल', 'फायनल-२', 'खरंच-फायनल' अशा फाइली करत बसतात. पहिल्या सेमपासून प्रत्येक असाइनमेंट गिटमध्ये ठेवली आणि प्रत्येक बदलामागे एक नीट वाक्य लिहिलं, तर वर्षअखेर तुम्ही म्हणता ती वही आपोआप तयार होते.

सगळ्यात दुर्लक्षित कौशल्य म्हणजे एरर मेसेज वाचणं. पायथनमध्ये प्रोग्रॅम कोसळला की लाल अक्षरांचा ढीग येतो, नवी मुलं घाबरून तो पुसतात आणि पुन्हा रन करतात. अरे, खालची शेवटची ओळ वाच, तिथे चुकीचा प्रकार लिहिलेला असतो. त्याच्या वर बघ, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत अडलं ते आहे. 'नेम एरर' असेल तर नावाचं स्पेलिंग चुकलं असेल किंवा ते आधी ठरवलंच नसेल. अर्ध्या अडचणी एवढ्यावर सुटतात. एआयला विचारायलाही माझी हरकत नाही, आम्हीही विचारतो. पण माझा एक नियम आहे: मुलाखतीत उमेदवाराने आणलेल्या कोडमधली कुठलीही एक ओळ मी दाखवतो आणि ही काढून टाकली तर काय होईल ते विचारतो. तिथे लगेच कळतं कुणी लिहिलंय आणि कुणी चिकटवलंय.

कुंडईकर

पर्वरीवासी, चाळणीचं तुमचं म्हणणं मान्य. पण ती चाळण तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागते. पहिल्या वर्षात घेतलेलं 'दोन तासांत मशीन लर्निंग' छापाचं सर्टिफिकेट तिथवर टिकत नाही. कोर्सच करायचा तर एनपीटीईएलचा एखादा ऑनलाइन कोर्स करा. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने २००३ मध्ये ते सुरू केलं. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. असाइनमेंटच्या तारखा पाळाव्या लागतात, आणि ती शिस्त मला सर्टिफिकेटाहून मोलाची वाटते. ज्यांना इंग्रजी व्याख्यान जड जातं त्यांनी आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' बघावं. दहा-दहा मिनिटांचे धडे असतात, लिनक्स, पायथन, लिब्रेऑफिस वगैरे, आणि त्यातले अनेक मराठीतही आहेत. ताई, मुलीला हे जरूर दाखवा.

डिचोलीचा वायरमन

मी इंजिनिअर नाही, आयटीआय केलेला वायरमन. पण कॉलेजची पोरं माझ्याकडे येतात म्हणून लिहितो.

आपल्या गावात शिकायची संधी दारात असते आणि पोरं ती सोडून ऑनलाइन शोधतात. जत्रेचं नाटक घ्या. दरवर्षी देवळासमोर मंच उभा राहतो, लाइट, माइक, पडदे, सगळं गावचीच माणसं करतात. तिथे एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहा. १००० वॉटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो. तीन लावले तर १३. चौथा त्याच सॉकेटवर लावला की १७ च्या वर गेलं, आणि सॉकेट तर १६ अँपिअरचं. हा हिशेब बारावीच्या पोराला येतो, पण मंचामागे कोणी करत नाही. एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन जोडत जातात आणि तिसऱ्या अंकात वायर गरम होते. ज्या पोराने आधी कागदावर लोड मांडला, कुठला दिवा कुठल्या लाइनवर ते ठरवलं, तो माझ्या लेखी इंजिनिअर झाला.

आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला आहे का बघा, त्याच्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, आणि 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का ते नाटक सुरू व्हायच्या आधी बघा. आपल्याकडे दव पडतं, जमीन ओली असते, नट अनवाणी असतात. यात चालढकल नको.

मल्टिमीटर घ्याच, साधा पण चांगल्या फ्यूजचा. आणि पहिल्या दिवशी हे पाठ करा: व्होल्टेज मोजताना समांतर, करंट मोजताना सर्किट तोडून मधे. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली की सरळ शॉर्ट, कारण त्या भोकातून मीटरला जवळजवळ रोधच नसतो. रेझिस्टन्स मोजताना सप्लाय बंद. आणि लाइन 'मेलेली' आहे हे समजायच्या आधी मीटर एका चालू पॉइंटवर लावून तो स्वतः जिवंत आहे ना ते बघा. मग तुमची लाइन तपासा. मग पुन्हा चालू पॉइंटवर. मेन सप्लायवर हे सगळं एकट्याने करायचं नाही, माहितगार माणूस शेजारी हवा. सुरुवात बॅटरीवर करा.

मानशीकाठ

वायरमनदादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून कॉलेजात लावायला हवा.

सिव्हिलवाल्यांसाठी माझी भर. आपल्या राज्यात सिव्हिलचं जेवढं उघड्यावर बघायला मिळतं तेवढं क्वचित कुठे मिळत असेल. मांडवीवरचा जुना नेहरू पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. खाऱ्या हवेत प्रिस्ट्रेसिंगच्या (काँक्रीट आधीच दाबून धरणाऱ्या) केबल गंजल्याची चर्चा त्या वेळेपासून आहे. आज त्याच नदीवर अटल सेतू आहे, २०१९ चा, आणि झुआरीवर नवा केबल-स्टेड, म्हणजे टॉवरपासून केबलांनी तोललेला पूल. पणजीला जाता-येता पोरं त्यावरून सेल्फी काढतात. मी म्हणतो, एकदा किनाऱ्यावर उभं राहून स्केच काढा: वजन डेकवरून (रस्त्याच्या पट्टीवरून) केबलमध्ये, केबलमधून टॉवरमध्ये, टॉवरमधून पायात कसं उतरतं. बाण काढा. चुकला तर सरांना दाखवा. गंज म्हणजे काय आणि सळीवरचं काँक्रीटचं कव्हर कमी पडलं तर काय होतं, ते किनाऱ्याजवळच्या कुठल्याही जुन्या घराच्या गॅलरीखाली मान वर करून बघितलं तरी दिसतं: सळी फुगते, काँक्रीटचा पापुद्रा सुटतो.

आणि खाजन शेतातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे पाण्याचं दार, बघा. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने लाकडी दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. मोटर नाही, सेन्सर नाही. एक दिवस तिथे बसून दर अर्ध्या तासाने आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी मोजा, आलेख काढा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, ते तुमच्या आलेखात दिसतंय का बघा. पहिल्या वर्षाच्या फिजिक्समधल्या हायड्रोस्टॅटिक दाबाचा याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही. बांधावरच्या माणसाला विचारून जा, ती कुणाची तरी शेती आहे.

मानकं वाचायची सवयही लावा. भारतीय मानक ब्युरोची मानकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. आयएस ४५६ काँक्रीटचं. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. पहिली काही पानं आणि अनुक्रमणिका बघा, शब्दांची ओळख होते.

तिसरं सेम

मी दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. सगळ्यांचं पटतं, पण वेळेबद्दल कुणीच बोललं नाही. मी सत्तरीहून कदंबाच्या बसने जाऊन-येऊन करते. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. पहिल्या सेममध्ये आमच्या बॅचला गणिताने सगळ्यात जास्त छळलं, आणि बॅकलॉग (नापास झालेला विषय) राहिला की पुढच्या सेममध्ये दोन्हीकडे ओढाताण होते. त्यामुळे नव्या मुलींना आणि मुलांना मी हे सांगेन की आधी गणित सांभाळा, मग एकच क्लब किंवा एकच स्टुडंट चॅप्टर (व्यावसायिक संस्थेची कॉलेजातली शाखा) निवडा. पहिल्या महिन्यात सगळे सीनियर आपापल्या टेबलावर बोलावतात आणि आपण पाच ठिकाणी नाव देऊन बसतो. जिथे खरंच काहीतरी बनतं तिथे जा. फक्त कार्यक्रमाचे बॅनर लावायचं काम मिळत असेल तर निघून या, वाईट वाटून घेऊ नका.

आणि एक गोष्ट मनापासून. प्रॅक्टिकलला गट केले की मुलींकडे वही येते. "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." मग मुलगे सर्किट जोडतात, मुली रीडिंग लिहितात. कुणी मुद्दाम करत नाही, पण सेम संपेपर्यंत एकाला हात बसतो आणि दुसरीला बसत नाही. आमच्या गटात आम्ही ठरवलं की दर प्रयोगाला काम बदलायचं: आज जो जोडेल तो पुढच्या वेळी लिहील. सरांना सांगितलं, त्यांनी पूर्ण बॅचला लावलं. पेडण्याच्या काकी, तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी हे सांगा. ब्रेडबोर्डला (सर्किट जोडायच्या पाटीला) हात लावायला मिळाला नाही तर मागून घे म्हणावं.

पर्वरीवासी

या प्रतिसादाला माझ्याकडून दाद. कॉम्प्युटर लॅबमध्येही हेच होतं, कीबोर्ड कुणाकडे आणि शेजारी बसून बघणारं कोण ते बघा.

पेडण्याची आई

सगळ्यांचे आभार. मुलीला धागा वाचून दाखवला. तिने वही आणली आहे, आणि जत्रेच्या नाटकात लाइटवाल्या मामांबरोबर राहीन म्हणते. शेवटचा प्रश्न: कारखाना आतून बघायचा असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलांना कोण आत घेईल? ओळख नसेल तर?

कुंडईकर

घेतात, नीट विचारलं तर. कुंडई, वेर्णा, बेतोडा, मडकई, कुठल्याही वसाहतीतल्या मध्यम कारखान्यांना आधी विचारा. मोठ्या ठिकाणी परवानग्यांना वेळ लागतो. एकट्याने जाण्यापेक्षा पाच-सहा जणांचा गट करा आणि विभागप्रमुखांचं पत्र घ्या.

ईमेल लहान हवा. विषयाच्या ओळीत कॉलेज, वर्ष आणि 'भेटीची विनंती' एवढं. आत: आम्ही कोण, किती जण, काय बघायचं आहे, कुठले दोन-तीन दिवस आम्हाला चालतील, आणि संपर्क कुणाशी. 'काय बघायचं आहे' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. "आपला प्रतिष्ठित उद्योग बघण्याची इच्छा आहे" असं लिहिलं तर तो ईमेल तसाच पडून राहतो. "आम्ही वर्कशॉपमध्ये लेथ शिकतोय, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर तेच काम कसं होतं ते बघायचं आहे" असं लिहिलं तर माझ्यासारखा माणूस तो उघडून उत्तर देतो. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन. शिफ्ट बदलायच्या वेळी फोन करू नका.

जाताना बंद बूट, सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी-दुपट्टा नको, हातात कडं-अंगठी नको. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि मॅनेजर माहिती देत असतील ती ऐकाच, पण मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला "हे बिघडतं तेव्हा आधी काय बघता?" एवढं विचारा. त्याचं उत्तर वहीत त्याच दिवशी लिहा. परत आल्यावर आभाराचा दोन ओळींचा ईमेल पाठवा, त्यात तिथे शिकलेली एक नेमकी गोष्ट असू दे. पुढच्या वर्षीच्या बॅचला त्याच दाराने आत जाता येतं.

ताई, तुमच्या मुलीचा गट जमला की इथेच लिहा. आमच्या युनिटमध्ये विचारून ठेवतो.

तिसरं सेम

काका, आमच्या गटाचंही नाव धरा. आम्हाला पॅनेल वायरिंग बघायचं आहे, आणि सेमच्या परीक्षा संपल्यावरचा आठवडा चालेल.